साठ जागा, बारा मास्तर

मंडळी, मागच्या शनिवारी चऱ्होलीला जाऊन आलो. काम घरगुतीच होतं. दिघीला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीची मुलगी यंदा बारावी झाली आणि घरात ॲडमिशनचं वादळ सुरू झालं. "दादा, तू इंजिनिअर ना? मग तूच चल बघायला," असा हुकूम आला. आता मी इंजिनिअर झालो त्याला वीस वर्षं होत आली. त्या काळी ऑप्शन फॉर्म भरायला सायबर कॅफेत रांग लावायला लागायची. पण बहिणीला कोण सांगणार? गेलो.

चऱ्होली बुद्रुक ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: इंद्रायणीच्या काठचं गाव, पलीकडे आळंदी, मागे लोहगावचा विमानतळ. टेकडीवर वाघेश्वराचं देऊळ. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत जी गावं घेतली त्यात हेही होतं. तेव्हा इथे शेतं होती. आज टॉवर आहेत आणि टॉवरच्या पलीकडे डी. वाय. पाटील नॉलेज सिटी. म्हणजे ज्ञानाचं शहर! ज्ञानेश्वरांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर असं नाव ठेवायला हिंमत लागते, नाही का? :)

गेटमधून आत गेल्यावर भाचीने एक प्रश्न विचारला आणि मी गप्प झालो. "मामा, इथे इंजिनिअरिंगचं कॉलेजपण आहे आणि युनिव्हर्सिटीपण. दोन्हीकडे कॉम्प्युटर आहे. मग फरक काय?"

घरी आल्यावर दोन रात्री यातच गेल्या. जे कळलं ते लिहून काढतोय. फरक समजून घ्यायचा तर चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

दादांचा निर्णय

१९८३ च्या आधी महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं तर वाटा मोजक्या होत्या. पुण्याचं सीओईपी (१८५४), मुंबईचं व्हीजेटीआय (१८८७), सांगलीचं वालचंद (१९४७), आणि १९६० च्या सुमारास निघालेली नागपूर, औरंगाबाद, कऱ्हाडची कॉलेजं. जागा कमी, मुलं जास्त. ज्यांच्या वडिलांकडे पैसे होते ती मुलं कर्नाटकात जायची, कॅपिटेशन फी भरायची आणि तिकडून डिग्री घेऊन यायची.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. स्वतः फारसं न शिकलेला हा माणूस. त्यांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. विचार सरळ होता: सरकारकडे पैसे नाहीत, पोरं आणि पैसा दोन्ही बाहेर चाललंय, मग इथल्याच संस्थांना काढू द्या कॉलेजं. त्याच वर्षी पुण्यात एमआयटी, व्हीआयटी, भारती विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. कोल्हापूरच्या अंबपचे डॉ. डी. वाय. पाटील तोवर पन्हाळ्याचे आमदार राहून चुकले होते. त्यांनीही कोल्हापुरात आणि पिंपरीत कॉलेजं काढली. पुढे हेच डी. वाय. त्रिपुरा आणि बिहारचे राज्यपाल झाले. चऱ्होलीच्या विद्यापीठाला त्यांच्या मुलाचं, अजिंक्य यांचं नाव आहे.

‘शिक्षणसम्राट’ हा शब्द त्याच काळातला. साखरसम्राटाचा धाकटा भाऊ. आपण तो शब्द नाक मुरडून वापरतो, पण खरं सांगायचं तर माझ्यासारख्या हजारो पोरांच्या हातात आज लॅपटॉप आहे तो या कॉलेजांमुळे. हिंजवडीत कुठल्याही क्यूबिकलमध्ये डोकावा आणि विचारा, कॉलेज कुठलं? दहातले सात-आठ तरी विनाअनुदानितवाले निघतील (हा माझा अंदाज, भांडायला येऊ नये).

फी कोणी ठरवायची?

कॉलेजं निघाली, पण फी किती घ्यायची यावर वीस-बावीस वर्षं कोर्टबाजी चालली. १९८७ साली राज्याने कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला. त्याच वर्षी एआयसीटीईला कायद्याचं बळ मिळालं. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी निम्मी-निम्मी वाटणी केली. आमच्या आधीच्या बॅचची मुलं अजून एकमेकांना "तू फ्री होतास की पेमेंट?" असं विचारतात, ते हेच. २००२ च्या टीएमए पै निकालाने ती वाटणी मोडली आणि २००५ च्या इनामदार निकालाने खासगी संस्थांना आणखी मोकळीक दिली. मधल्या मार्गाने शुल्क समिती आली. ती कॉलेजचा खर्च बघून फी ठरवते, आणि त्या खर्चात सगळ्यांत मोठा आकडा असतो पगारांचा.

हा मुद्दा लक्षात ठेवा. कॉलेज म्हणजे शेवटी पगार. इमारत एकदा बांधली की झाली, मास्तरांचा पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो. आपल्या सर्व्हिस कंपनीचं गणितही हेच, नाही का? बिलिंग किती आणि बेंच किती!

थोडं गणित

एका शाखेत साठ जागा धरा. चार वर्षं, म्हणजे २४० मुलं. एआयसीटीईचा नियम होता पंधरा मुलांमागे एक शिक्षक. २४० भागिले १५, म्हणजे १६ शिक्षक.

२०१८-१९ पासून हा नियम वीस मुलांमागे एक असा झाला. २४० भागिले २०, म्हणजे १२.

बस्स. एका आकड्याचा बदल आणि एका शाखेतून चार माणसं ‘जादा’. पाच शाखांचं कॉलेज असेल तर वीस. मुलं तेवढीच, वर्ग तेवढेच, लॅब तेवढ्याच. कोडमधला एक कॉन्स्टंट बदलावा आणि प्रॉडक्शनमध्ये वीस घरांचे हप्ते हलावेत, तसं.

हा नियम बदलला कारण त्याआधी दुसरं काहीतरी घडलं होतं. २००८ नंतर कॉलेजं धडाधड वाढली. दुसरी पाळी आली. २०१४-१५ मध्ये देशभरात इंजिनिअरिंगच्या पदवीच्या जागा साधारण १७ लाखांवर पोचल्या. तेवढी मुलं कुठून आणणार? मेकॅनिकल, सिव्हिल, ईअँडटीसीचे वर्ग ओस पडायला लागले. मंजूर जागा साठ, प्रत्यक्ष आलेली मुलं वीस.

इथे एक गोम आहे. शिक्षक किती लागतात ते मोजायचं मंजूर जागांवर, आणि फी मिळते ती प्रत्यक्ष आलेल्या मुलांची. वर्ग रिकामा राहिला तर कागदावरचे मास्तर तेवढेच लागतात, तिजोरीत मात्र खडखडाट. मग संस्था काय करते? जागाच कमी करून घेते. १२० च्या ६०, ६० च्या ३०, नाहीतर शाखाच बंद. २०२१-२२ पर्यंत देशातल्या जागा साडेबारा लाखांच्या आसपास उतरल्या.

साडेचार लाख जागा गेल्या. एक जागा म्हणजे चार वर्षांची चार मुलं, म्हणजे १८ लाख. भागिले वीस. कागदावर ९० हजार शिक्षकांची पदं. ही सगळी पदं भरलेली होती असं अजिबात नाही, आणि हा हिशेब माझ्या एक्सेल शीटचा आहे. पण अंदाज यायला पुरे. आपल्याकडे मोठ्या कंपनीने पाच हजार लोक काढले की टीव्हीवर चर्चा होते. ही माणसं गुपचूप गेली.

आमचे सर

यातले एक माझे सर आहेत. कॉलेजचं नाव सांगत नाही, सरांचंही नाही.

सर १९९९ मध्ये बीई करून थेट शिकवायला लागले. तेव्हा फर्स्ट क्लास बीई लेक्चरर होऊ शकायचा. आम्हाला ते थिअरी ऑफ मशीन्स शिकवायचे. मी मेकॅनिकलचा, पुढे सॉफ्टवेअरमध्ये वाहून गेलेला (आमच्या बॅचचे निम्मे असेच). पण गिअर ट्रेन कशी चालते ते मला अजून झोपेत सांगता येईल. फळ्यावर खडूने असं सुंदर वर्तुळ काढायचे, कंपास न घेता.

२०१० मध्ये एआयसीटीईचा नवा नियम आला: शिकवायला एमई हवी. जुन्यांची नोकरी गेली नाही, पण पुढे सरकायचं तर एमई करणं आलंच. चाळिशीच्या उंबरठ्यावर सरांनी नोकरी सांभाळून एमई केली. संध्याकाळी क्लास, रात्री असाइनमेंट, शेजारी मुलीचा दहावीचा अभ्यास. झाले असोसिएट प्रोफेसर.

आणि २०१९ मध्ये त्यांच्या शाखेच्या जागा निम्म्या झाल्या. नव्या गुणोत्तराने उरलेल्यांतले आणखी काही जादा ठरले. सीनियर म्हणजे पगार जास्त. सरांना ‘राजीनामा द्या’ असं सांगितलं गेलं. राजीनामाच, कारण काढलं असं कागदावर यायला नको.

चऱ्होलीहून परतताना आळंदी रोडला एका टपरीवर सर भेटले. मी फोन करून गेलो होतो. आता ते तीन कॉलेजांत तासावर शिकवतात. जितके तास घेतले तितके पैसे. मे महिन्यात तास नाहीत, मग मेमध्ये पैसेही नाहीत.

"वाईट वाटतं का सर?" मी विचारलं. मूर्ख प्रश्न होता.

"अरे, वर्ग रिकामा असेल तर मास्तर कशाला लागतो? ते मला पटतं," सर म्हणाले. "पण आता कॉम्प्युटरच्या वर्गात ऐंशी पोरं बसलीत आणि तिथेही मास्तर नाहीत. ते नाही पटत."

तो कप तसाच थंड झाला माझा.

मग विद्यापीठं का?

सरांचं वाक्य घेऊन आता चऱ्होलीला परत येऊ.

संलग्न कॉलेजचे हात बांधलेले असतात. सिलॅबस पुणे विद्यापीठाचा, परीक्षा त्यांची, ॲडमिशन सरकारच्या कॅप राउंडमधून, फी समितीची. मेकॅनिकलच्या रिकाम्या वर्गात उद्यापासून डिझाइन किंवा डेटा सायन्स शिकवावं म्हटलं तर दहा दारं ठोठावायला लागतात. विद्यापीठ झालं की यातली बरीच दारं आपलीच होतात. २००१ च्या भारतीदासन विद्यापीठाच्या निकालात तर सुप्रीम कोर्टाने म्हटलंच होतं, की विद्यापीठाला नवा अभ्यासक्रम काढायला एआयसीटीईची आगाऊ परवानगी लागत नाही.

पण विद्यापीठ काढणं सोपं होऊन चालत नाही, हेही देशाने पाहिलं होतं. छत्तीसगडने २००२ मध्ये एक कायदा केला आणि बघता बघता शंभरावर खासगी विद्यापीठं निघाली, कित्येक तर नुसत्या पत्त्यावर. प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सगळी रद्द केली. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाला विधिमंडळाचा वेगळा कायदा, ही पद्धत रुळली. महाराष्ट्र यात उशिराच आला. अजिंक्य डी. वाय. पाटील विद्यापीठाचा कायदा २०१४ चा, विद्यापीठ सुरू झालं २०१५ मध्ये. मग रांगच लागली: लोणीला एमआयटी-एडीटी, कोथरूडला एमआयटी-डब्ल्यूपीयू, कोंढव्याला विश्वकर्मा, किवळ्याला सिम्बायोसिसचं स्किल विद्यापीठ, आकुर्डीला डी. वाय. पाटील इंटरनॅशनल, आणि २०२३ मध्ये मावळात साते इथे पिंपरी-चिंचवड विद्यापीठ.

नावं नीट बघा. यातल्या बहुतेकांच्या मागे जुन्याच शिक्षणसंस्था आहेत. १९८३ ची लाट इंजिनिअरिंगच्या सीटवर उभी होती. ती सीट २०१५ नंतर डळमळली, तेव्हा संस्थांनी आपली अंडी वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवली. चऱ्होलीला आज इंजिनिअरिंगच्या जोडीला मॅनेजमेंट, डिझाइन, लॉ, मीडिया असं सगळं आहे ते त्यामुळे.

शिक्षक कोण, हेही बदललं. २०२२ मध्ये यूजीसीने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ आणलं. पीएचडी नको, नेट नको, इंडस्ट्रीचा दांडगा अनुभव हवा, आणि अशी पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे आपण, मंडळी! आणि चऱ्होलीच्या कॅम्पसमध्ये तर न्यूटन स्कूल ऑफ टेक्नॉलॉजी हा एडटेक कंपनीचा उपक्रम कॉम्प्युटर सायन्स शिकवतो. पदवी विद्यापीठाची, शिकवणं कंपनीचं. आपल्या भाषेत सांगायचं तर आउटसोर्सिंग. यात सगळंच वाईट नाही. आम्हाला सी प्लस प्लस ज्यांनी शिकवलं त्यांनी आयुष्यात एकही प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला दिलेला नव्हता. पण शनिवारी येऊन दोन तास गिट शिकवणारा माझ्यासारखा माणूस आणि वीस वर्षं त्याच फळ्यापाशी उभा राहिलेला मास्तर, हे एकाच्या बदली दुसरा घ्यावा असे ‘रिसोर्स’ नाहीत. पोराचं गणित कुठे अडलंय ते दुसऱ्यालाच कळतं.

आणि लाट पुन्हा फिरली आहे. कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या जोरावर देशातल्या जागा २०२४-२५ मध्ये पुन्हा १५ लाखांच्या घरात गेल्या. चांगल्या कॉलेजांवरची शाखेमागे जागांची कमाल मर्यादाही एआयसीटीईने त्याच वर्षी काढली. म्हणजे एका शाखेत वाट्टेल तितकी मुलं. मेकॅनिकलचं जे झालं ते कॉम्प्युटरचं होणार नाही असं कोण सांगतो? नुसता बाजारच फिरतो असंही नाही. १९९२-९३ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये ती १.७ झाली. त्या कमी झालेल्या मुलांचं अठरावं वर्ष अजून यायचं आहे. जपानमध्ये ते आलं आहे. तिथली निम्म्याहून जास्त खासगी विद्यापीठं २०२३ पासून जागा पुऱ्या भरू शकत नाहीत.

भाचीला काय सांगितलं

आता तिचा प्रश्न. फरक काय?

एक फरक तर थेट पैशांचा निघाला. ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. आणि अभिमत व खासगी स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे एकाच गावात, एकाच नावाच्या कमानीखाली, एका इमारतीत तिची फी सरकार भरेल आणि दुसऱ्या इमारतीत तिच्या बाबांना भरावी लागेल. बहिणीचे यजमान चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांच्यासाठी हा चार वर्षांच्या झोपेचा प्रश्न आहे. आणि ही गोष्ट आम्हाला कुठल्याही रंगीत ब्रोशरमध्ये दिसली नाही.

दुसरं मी तिला सांगितलं, की कुठेही जा, पण ॲडमिशनच्या आधी डिपार्टमेंटमध्ये जाऊन ये. प्लेसमेंटचा बोर्ड बघू नकोस. एकेक शिक्षक इथे किती वर्षं आहेत ते विचार. चार वर्षांपूर्वी जे होते त्यांतले आज किती आहेत ते विचार. पूर्णवेळ किती, तासावर किती. साठ मुलांच्या शाखेला बारा हवेत, तू मोजून ये.

"मामा, असं विचारलं तर हसतील ना ते."

"हसू देत. मोज तू."

तिने काल सकाळी एका कॉलेजातून फोन केला. कुठल्या ते सांगत नाही. "मामा, वेबसाइटवर चौदा नावं आहेत. स्टाफरूममध्ये खुर्च्या सात आहेत."

पोरगी इंजिनिअर होणार, यात मला शंका राहिलेली नाही. कुठे होणार ते पुढच्या राउंडनंतर कळेल.

असो. सरांचा नंबर मात्र मी तिला दिलाय. तिचं पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स कच्चं राहणार नाही एवढं नक्की.